बालीला रिसॉर्टमध्ये उतरणार असाल तर : विणकाम, नैवेद्य, नाच आणि तिथली रीतभात

शुभदा_न | रविवार, रात्री ९.४०

आठ दिवस बालीला जाऊन आले. आई, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि मी. उतरलो नुसा दुआच्या एका रिसॉर्टमध्ये. समुद्राबद्दल, खोल्यांबद्दल लिहीत नाही, ती माहिती कुठेही मिळते. मला लिहायचंय ते तिथल्या माणसांच्या हातातल्या कामाबद्दल. आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी हल्ली बालीला जातंच, आणि त्यातले बरेचजण फाटकाबाहेर फारसं न पडता परत येतात. त्यांनी निदान दोन दिवस वेगळे काढावेत म्हणून हा धागा.

पहिल्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी तळहाताएवढी चौकोनी परडी. माडाच्या कोवळ्या पातीची, आत चार रंगांची फुलं, वर उदबत्ती. मी पाय पुढे टाकणार तेवढ्यात आई म्हणाली, "अगं थांब, नैवेद्य दिसतोय तो." बरोबर होतं तिचं. याला चानांग सारी म्हणतात. घरात, दुकानात, गाडीत, चौकात, रोज ठेवतात.

तिसऱ्या दिवशी रिसॉर्टमध्येच ती परडी करायला शिकवणार होते. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'इबू' म्हणत होते, आपण 'बाई' म्हणतो तसं. पात कोवळी, पिवळसर पांढरी. सुरीनं काप द्यायचा, दुमडायची आणि बांबूच्या सुईएवढ्या काडीनं टाचायची. आईनं एकदा पाहिलं आणि दुसरी परडी इबूंच्या बरोबरीनं टाचली. लहानपणी सावंतवाडीला तिनं ढिगानं पत्रावळी लावल्यात, चोयीनं टाचायचा हात अजून तसाच आहे. इबूंनी तिचा हात हातात घेऊन निरखून पाहिला. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी पुढचा अर्धा तास त्या दोघीच कामात होत्या.

परडीच्या तळाशी विड्याचं पान, सुपारी, चुना असा छोटासा विडाच असतो, त्याला पोरोसान म्हणतात. त्याशिवाय चानांग पुरी होत नाही. फुलं दिशेप्रमाणे : पूर्वेला पांढरी ईश्वराची, दक्षिणेला तांबडी ब्रह्माची, पश्चिमेला पिवळी महादेवाची, उत्तरेला निळी किंवा हिरवी विष्णूची. लेकीनं सगळी मधोमध रचली होती. इबूंनी न बोलता एकेक उचलून जागच्या जागी ठेवलं.

पाचव्या दिवशी गाडी करून तेंगानानला गेलो. पूर्वेकडे, करंगासेम भागात, चांदीदासाजवळ. आमच्याकडून दोनेक तास लागले. तिथे 'गेरिंगसिंग' विणतात. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. हे वस्त्र अंगावर असलं की रोगराई लांब राहते अशी श्रद्धा. एका ओसरीवर एक आजी कमरेला पट्टा बांधून मागावर बसल्या होत्या. एक आडवा धागा टाकला की थांबायच्या आणि अणकुचीदार काडीनं उभे धागे हलके हलके सरकवायच्या, लाल ठिपका बरोबर लाल ठिपक्यावर येईपर्यंत. मग ठोका, मग पुढचा धागा. आम्ही वीसेक मिनिटं बसलो होतो. तेवढ्यात विणकाम बोटभरसुद्धा पुढे सरकलं नाही.

हे आदल्या दिवशी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कारण आदल्याच दिवशी गाडीवाल्यानं एका मोठ्या दुकानात नेलं होतं. दारात एक मुलगी माग घेऊन बसवलेली, आत रांगेनं कपडे. 'हाताचं बाटिक' (मेणानं नक्षी काढून रंगवलेलं कापड) म्हणून आईसाठी उपरणं घेतलं. खोलीवर येऊन उलटं करून पाहिलं तर मागची बाजू पांढुरकी. छापील होतं. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की हाताच्या कामाचा मान आणि त्याचा मोबदला ते काम करणाऱ्याला मिळालाच नाही.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः कपड्यांमधलं कुणी असेल तर.

धागेदोरे | रविवार, रात्री ११.१५

शुभदाताई, तुम्ही त्या ओसरीवर बसलात हे वाचून फार आनंद झाला. मी कापडातला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गेरिंगसिंग हे दुहेरी इकत. म्हणजे ताणा (उभे) आणि बाणा (आडवे) दोन्हींचे धागे विणण्याआधी नक्षीबरहुकूम बांधून रंगवलेले असतात. विणताना दोन्हीकडचे रंग एकमेकांवर चपखल बसले तरच नक्षी उमटते. आजी काडीनं धागे सरकवत होत्या ते यासाठीच. जगात हे काम मोजक्या जागी होतं. आपल्याकडे पाटणचा पटोळा आणि तेलंगणातला तेलिया रुमाल, शिवाय जपान. इंडोनेशियात मात्र एकटं तेंगानान.

सूत आधी कुकुई नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात महिना-दीड महिना मुरवतात, तेव्हा ते रंग धरतं. लाल रंग मेंगकुडूच्या मुळाच्या सालीचा. मेंगकुडू म्हणजे आपली आल, बारतोंडी. कृत्रिम रंग येण्याआधी आपल्याकडेही तांबडा रंग आलीच्या मुळांचाच असायचा. निळ्याची गोष्ट वेगळी. निळीचं काम तेंगानानमध्ये करायचंच नाही असा तिथला नियम, म्हणून सूत शेजारच्या बुगबुग गावाला पाठवतात. ते परत आलं की लाल चढवायचा, आणि निळ्यावर लाल चढला की काळसर रंग येतो. लाल, काळा आणि सुताचा मूळ पांढुरका, बस्स, तीनच रंग. एक वस्त्र पुरं व्हायला वर्षं जातात ती अशी.

आता आपल्या माणसांसाठी एक गोष्ट. पाटणचे पटोळे शेकडो वर्षं जहाजानं तिकडच्या बेटांवर जात होते. डच व्यापारी तिथल्या सरदारांना ते नजराणा म्हणून देत. जावामध्ये पटोळा घराण्याचा ठेवा म्हणून जपला जायचा, आणि इंडोनेशियातल्या कितीतरी कापडांच्या नक्षीवर त्याची छाप आजही ओळखू येते. आणि पटोळे विणणारे साळवी मूळचे कुठले? त्यांच्या घराण्यांत सांगतात की बाराव्या शतकात राजा कुमारपालानं सातशे साळवी कुटुंबं जालन्याहून पाटणला नेली. आपलं जालना! परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे, पण पटोळा हातात घेतला की मला दर वेळी ती आठवते.

बाटिकबद्दल. बाटिक मुळात जावाचं. सोलो, योग्यकार्ता, पेकालोंगान, चिरेबोन, लासेम ही त्याची गावं. बालीचं स्वतःचं कापड म्हणजे एंडेक (फक्त बाण्याचं इकत), जरीचं सोंगकेत आणि हे गेरिंगसिंग. तेव्हा बालीत आठवण म्हणून घ्यायचं असेल तर एंडेक घ्या, परवडतंही.

बाटिकच घ्यायचं असेल तर तीन प्रकार लक्षात ठेवा. 'तुलिस' म्हणजे हातानं काढलेलं. चांतिंग नावाच्या, तोटी असलेल्या तांब्याच्या चिमुकल्या वाटीतून वितळलेलं मेण कापडावर सोडत रेषा ओढतात. बारीक नक्षी दोन्ही अंगांनी ओढलेली असते, म्हणून सुलट-उलट सारखंच दिसतं, आणि दोन फुलं कधी तंतोतंत एकसारखी नसतात. 'चाप' म्हणजे तांब्याच्या ठशानं मेण लावलेलं. तेही खरं बाटिक, नक्षी मात्र ठरावीक अंतरानं परत परत येते. तिसरं नुसतं छापील, त्यात मेणच नाही. उलटी बाजू फिकी दिसली की समजायचं, शुभदाताईंना दिसली तशी. नव्या खऱ्या बाटिकला मेणाचा मंद वासही येतो.

मृण्मयी२१ | सोमवार, सकाळी ८.०५

किती छान लिहिलंयत दोघांनी. आम्ही चौघी मैत्रिणी मार्चमध्ये जातोय, म्हणून काही प्रश्न. १) देवळात कपडे काय घालायचे? २) पाळीच्या दिवसांत देवळात जाऊ देत नाहीत असं वाचलं, ते खरं का? ३) न्येपी म्हणून काही असतं, तेव्हा रिसॉर्टमध्येही बाहेर पडता येत नाही म्हणे. आमच्या तारखा त्याच आठवड्यात आहेत आणि जरा टेन्शन आलंय.

जकार्ताकर | सोमवार, सकाळी ९.३०

मृण्मयी, नऊ वर्षं इथे आहे, बालीला कामानिमित्त सारखं जाणं होतं. तुझ्याच क्रमानं सांगतो.

कपडे : स्त्री-पुरुष दोघांनीही कमरेला लुंगीसारखं वस्त्र आणि त्यावर शेला बांधायचा. खांदे झाकलेले हवेत. मोठ्या देवळांच्या दारात वस्त्र मिळतं, पण आपलं जवळ असलेलं बरं. शेला नुसता शोभेचा नाही. कमरेखालचं आणि वरचं यात तो सीमा आखतो, असं माझ्या तिथल्या मित्रानं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मी तो विसरत नाही.

पाळी : हो, दारावर पाटी असते. नियम फक्त परदेशी बायकांना नाही, तिथल्या बायकाही पाळतात. आणि फक्त पाळीपुरताही नाही. घरात कुणी गेलं असेल तर पुरुषांनाही जाता येत नाही, आपलं सुतक असतं तसं. कुणी तपासत नाही, त्यांनी ते आपल्यावर सोडलेलं असतं. म्हणूनच पाळावं असं मला वाटतं. त्या दिवशी दुसरं पाहा, पाहण्यासारखं खूप आहे.

देवळात गेल्यावर आपली माणसं मूर्ती शोधतात. गाभाऱ्यात मूर्ती आणि तिच्यापुढे रांग, असं तिथे दिसत नाही. पद्मासन म्हणून दगडी उंच आसन असतं आणि ते रिकामं असतं. उत्सवाच्या वेळी देव खाली येऊन बसतात, एरवी जागा त्यांची म्हणून राखलेली. अशा रिकाम्या आसनासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आपोआप हात जोडले गेले.

न्येपी : टेन्शन घेऊ नकोस, भाग्यवान आहेस. तो त्यांचा शक संवत्सराचा पहिला दिवस. शक म्हणजे आपलाच शालिवाहन शक, आकडासुद्धा तोच! २०२३ मध्ये न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला, आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झालं. दर वर्षी जुळतंच असं नाही, कारण अधिक महिना धरायची त्यांची पद्धत निराळी. २०२४ ला त्यांचं ११ मार्चला, आपलं ९ एप्रिलला.

आपण गुढी उभारतो, ते गप्प बसतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत आग नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद. पेचालांग म्हणजे गावचे राखणदार तेवढे रस्त्यावर असतात. रिसॉर्टमधल्या पाहुण्यांना आवारात राहता येतं, जेवणखाण मिळतं, पण दिवे मंद, पडदे ओढलेले, समुद्रावर जायचं नाही. रात्री बाहेर येऊन वर बघ. अख्ख्या बेटावर दिवा नसतो, तेव्हाचे तारे मी दुसरीकडे कुठेच पाहिले नाहीत.

आदल्या संध्याकाळी मात्र कुठल्या तरी गावात जाच. ओगोह-ओगोह म्हणून बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस पोरं महिना-महिना खपून बनवतात आणि खांद्यावर घेऊन मिरवतात. आपल्या गणपती मंडळांची पोरं रात्र-रात्र मांडवात जागतात ना, तोच उत्साह.

आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपिया घेतात, बालीची संस्कृती आणि निसर्ग जपण्यासाठी. आधीच ऑनलाइन भरून टाक.

मृण्मयी२१ | सोमवार, सकाळी ९.५२

खूप खूप आभार दादा! तारखा बदलणार होतो, आता नाही बदलत.

माड_पोफळी | सोमवार, दुपारी २.२०

मी कुडाळचा. धाग्यात बाहुल्यांचं नाव निघालं नाही म्हणून लिहितो.

आमच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, चित्रकथी सांगतात. लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे उबुदला पहिल्यांदा वायांग कुलित पाहिलं तेव्हा परक्या जागी आहे असं वाटलंच नाही. पांढरा पडदा, मागे तेलाचा दिवा, खाली केळीचा आडवा खुंट. त्या खुंटात बाहुल्या टोचून उभ्या करतात. आपल्याकडे केळीचा खुंट मखराला, तिकडे तो कुरुक्षेत्राची भूमी. दालांग म्हणजे बाहुल्या नाचवणारा, तो एकटा सगळ्यांचे आवाज काढतो आणि वादकांना इशारेही देतो, पायाच्या बोटांत धरलेली लाकडी मोगरी पेटीवर आपटून.

गंमत भाषेची. अर्जुन, भीम, कृष्ण बोलतात कवीमध्ये, म्हणजे जुन्या जावानीजमध्ये. ती समोर बसलेल्या बहुतेकांना कळत नाही. मग त्यांचे सेवक, पांडवांकडचे त्वालेन आणि मेर्दाह, कौरवांकडचे देलेम आणि सांगुत, तेच रोजच्या बाली बोलीत सांगतात, वर टोमणे मारतात, गावातल्या गोष्टी आणतात. आमच्या दशावतारातसुद्धा लोकांशी बोलायची मुभा असते ती विनोदी पात्रालाच.

क्लुंगकुंगला केर्ता गोसा नावाचा जुना न्यायमंडप आहे. त्याचं छत चित्रांनी भरलेलं आहे, जवळच्या कामासान गावच्या शैलीत. विषय भीमाचा : तो नरकात जातो, आपले वडील पांडू आणि माद्री यांच्या आत्म्यांना सोडवायला. ही कथा आपल्या महाभारतात नाही, त्यांनी आपली म्हणून वाढवलेली आहे. मान वर करून करून दुखायला लागली तरी मी हललो नव्हतो. कामासानमध्ये आजही घराघरात ही चित्रं काढतात. कापडाला तांदळाची पेज लावून वाळवतात आणि कवडीनं घासून गुळगुळीत करतात, मग त्यावर रेषा. थेट चित्रकाराकडून घेता येतं.

निनाद_क | सोमवार, दुपारी ४.४५

प्रश्न आहे. रिसॉर्टमध्ये जेवताना जो नाच दाखवतात तो खरा की पाहुण्यांसाठी बनवलेला? म्हणजे त्याला वेळ द्यावा का?

जकार्ताकर | सोमवार, सायंकाळी ६.१०

निनाद, पाहुण्यांसाठीचा आहे आणि खराही आहे. १९७० च्या आसपास पर्यटक वाढायला लागले तेव्हा तिथल्या जाणत्यांनाच काळजी वाटली की देवळातले नाच जेवणाच्या टेबलांपुढे जातील. १९७१ मध्ये देनपसारला विद्वान आणि कलावंत एकत्र बसले आणि तीन वर्ग ठरवले. 'वाली' म्हणजे देवळाच्या अगदी आतल्या चौकातले, विधीचाच भाग असलेले. 'बेबाली' मधल्या चौकातले, उत्सवाबरोबरचे. 'बालिह-बालिहान' बाहेरचे, करमणुकीसाठी, कुणीही पाहावे असे. २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बालीचे नाच गेले ते याच तीन वर्गांनी. पेंडेत हा देवांच्या स्वागताचा नाच, म्हणून माणसांच्या स्वागतासाठी पान्येंब्रामा हा वेगळा नाच बसवला गेला. पाहुण्याला काय द्यायचं आणि देवासाठी काय राखायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं.

केचाकचंही तसंच. शंभरेक पुरुष गोल बसून 'चाक-चाक' करतात, मधे रामायण, वाद्य एकही नाही. त्या आवाजाचं मूळ सांगह्यांग या अंगात येण्याच्या विधीत. रामायण जोडून त्याचा खेळ झाला १९३० च्या दशकात, वायान लिंबाक हा बाली नर्तक आणि वाल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार यांच्या हातून. शतकसुद्धा झालं नाही अजून, म्हणून काही त्याची ताकद कमी नाही. उलुवातूला सूर्यास्ताला बघ.

सुरपेटी | सोमवार, रात्री १०.३०

नाच पाहताना कान गामेलानकडे, म्हणजे साथीच्या वाद्यसंचाकडे ठेवा, एवढंच सांगायला आलो. बाली गामेलानमध्ये पट्ट्यांची वाद्यं जोडीनं असतात आणि जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढं लावतात. खालचं पेंगुंबांग, वरचं पेंगिसेप. दोन्ही एकत्र वाजली की आवाज थरथरतो, त्याला ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. तंबोरा लावताना दोन तारा जवळजवळ मिळाल्यात पण अजून मिळायच्यात, त्या क्षणी जी लाट ऐकू येते तीच. आपण ती घालवतो, ते ती जपतात. वाद्य घडवतानाच ही जोडी जुळवतात, म्हणून एका गावचं वाद्य दुसऱ्या गावच्या संचात चालत नाही. क्लुंगकुंगजवळ तिहिंगानला कास्याचे गोंग घडवणारे आहेत, भट्टीशेजारी उभं राहून पाहता येतं.

एक रीत : वाद्य कधी ओलांडायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे तबला-पेटीला पाय लागू देत नाही, तसंच.

शुभदा_न | मंगळवार, सकाळी ७.५०

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! जालन्याचं वाचून काल रात्री आईला उठवून सांगितलं.

राहिलेलं थोडक्यात. चांदीसाठी चेलुक, लाकडाच्या कोरीवकामासाठी मास, दगडासाठी बातुबुलान. तिन्ही उबुदच्या वाटेवर. चेलुकमध्ये मोहरीहून बारीक चांदीचे दाणे एकेक उचलून दागिन्यावर बसवताना पाहिले. त्या कामाला जावान म्हणतात. तेंगानानला आटा नावाच्या वेलीच्या टोपल्याही मिळतात, विणून झाल्यावर नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात, त्यानं रंग तांबूस येतो. एक आणलीय, घरात अजून धुराचा वास येतो.

मृण्मयी, तेंगानानला सकाळी लवकर जा. गाडीवाल्याला निघतानाच स्पष्ट सांग की वाटेत दुकानात थांबायचं नाही. ओसरीवर कुणी विणत असेल तर आधी 'ओम स्वस्तिअस्तु' म्हण, आणि विचारूनच फोटो काढ. उठताना 'सुक्स्मा' म्हणजे आभार. घ्यायचं नसेल तरी चालतं त्यांना. मी तशी नुसतीच बसले होते, तर आजींनी शेजारची चटई माझ्याकडे सरकवली.